सिगारेट व ई-सिगारेट यांचा दुहेरी वापर

एकाच व्यक्तीने सिगारेट न सोडता जोडीला ई-सिगारेटही ओढणे. ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही. बॅटरीवर तापणारी तार निकोटिनयुक्त द्रावाची वाफ करते. त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड टळतात, पण हा लाभ सिगारेट पूर्ण सुटली तरच पदरात पडतो. कार्यालयात वाफ आणि बाहेर पडताच सिगारेट, असे चालू राहिले की तलफ दिवसभर भागत राहते व सोडण्याची निकड ओसरते. ‘कमी केली’ हे समाधान तर फारच फसवे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणानुसार रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो 20 ओढणाऱ्याच्या धोक्याच्या सुमारे निम्मा भरतो.

ब्रिटनमधील 886 जणांच्या चाचणीत (2019) समुपदेशनासह ई-सिगारेट दिलेल्यांपैकी 18 टक्के वर्षभरानंतर सिगारेटमुक्त होते. निकोटिनच्या पट्ट्या, च्युइंगम इ. दिलेल्यांत हे प्रमाण 9.9 टक्के होते. मात्र ई-सिगारेटच्या आधारे सुटलेल्यांपैकी 80 टक्के लोक तेव्हाही ई-सिगारेट ओढतच होते. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे.