तेल, सरस आणि दोरा : जुन्या बॅटच्या घरगुती डागडुजीचा इतिहास

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर, पुण्यापासून सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर, कोरेगाव भीमा आणि शिक्रापूर यांच्या मध्ये वसलेले सणसवाडी हे शिरूर तालुक्यातील गाव आज कारखान्यांसाठी ओळखले जाते. मात्र ज्या काळी या पट्ट्यात ज्वारी-बाजरीची शिवारे आणि बैलांची दावणच मुख्य होती, त्या काळापासून लाकडी अवजार मोडले म्हणून टाकून न देता त्याला जोड देऊन, तेल पाजून, दोर आवळून पुन्हा कामाला लावण्याचे एक पक्के शास्त्र येथे नांदत होते. वापरलेली क्रिकेटची बॅट घरच्या घरी नीट करण्याची जी रीत पुणे जिल्ह्यातील गावोगावी दिसते, तिला सामान्यतः पैशाच्या तुटीतून आलेली तडजोड समजले जाते; पण तिच्यातील द्रव्ये, हत्यारे आणि हातखंडा पाहिला असता ती त्या जुन्या शास्त्राचीच धाकटी शाखा ठरते.

क्रिकेट या प्रदेशात आले ते लष्कराच्या मागोमाग. घोडनदीच्या काठचे शिरूर ही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची मोठी छावणी होती, आणि १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावी झालेल्या लढाईत लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी आदल्या सायंकाळी निघाली ती याच शिरूरहून, म्हणजे आजची सणसवाडी ज्या वाटेवर आहे त्या वाटेने. त्याच वर्षी पेशवाई संपली, पुणे आणि खडकी येथील छावण्या वाढल्या, आणि छावणीबरोबर छावणीचे खेळही स्थिरावले. मुंबईत पारशी तरुणांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला, पण त्याआधी गोऱ्या शिपायांचे अनुकरण करणारी पारशी मुले छत्रीची बॅट करीत, टोप्यांचे स्टंप मांडीत आणि जुन्या चामड्यात चिंध्या भरून चेंडू शिवीत, असा वृत्तान्त शापूरजी सोराबजी यांच्या १८९७ सालच्या पुस्तकात आला आहे. भारतीय क्रिकेटचे पहिले साहित्य अशा रीतीने विकत घेतलेले नव्हते. ते हाताशी असलेल्या वस्तूंतून घडवलेले होते.

पुण्यातील उदाहरण याहून बोलके आहे. १८७० च्या दशकाच्या मध्यात धारवाड येथे चर्मकार कुटुंबात जन्मलेले पालवणकर बाळू यांचे वडील लष्कराच्या चाकरीत होते, आणि पुण्याच्या छावणीतील अधिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम हा खेळ शिकले. पुढे बाळू युरोपियनांच्या पूना क्लबात महिना ४ रुपयांवर खेळपट्टी लाटण्याच्या, नेट बांधण्याच्या आणि साहेबांना चेंडू टाकण्याच्या कामावर लागले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, ही कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु ज्या क्लबात त्यांनी तासन्‌तास गोलंदाजी केली, त्या क्लबाच्या नेटमध्ये त्यांच्या हाती बॅट मात्र दिली गेली नाही, कारण फलंदाजी हा मानाचा आणि वरच्या थराचा हक्क समजला जाई. बालपणी दुसऱ्याने टाकलेली बॅट हाती यावी आणि तरुणपणी चांगली बॅट समोर असूनही ती धरता येऊ नये, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की टाकलेल्या बॅटचे मोल केवळ रुपयांत का मोजता येत नाही ते ध्यानात येते.

डागडुजीचा इतिहास समजण्यासाठी वस्तूची घडण पाहणे आवश्यक आहे. बॅटचे मुख्य भाग दोन: चेंडू मारण्याचे रुंद पाते आणि हातात धरण्याचा दांडा. अठराव्या शतकातील बॅट हॉकीच्या काठीसारखी खाली वळलेली आणि एकाच लाकडाची असे. गोलंदाज चेंडू उसळवून टाकू लागले तसे पाते सरळ झाले, १७७१ साली स्टंपांएवढी रुंद बॅट मैदानात आल्यानंतर रुंदीची मर्यादा सव्वाचार इंचांवर बांधली गेली, आणि १८३५ साली लांबी ३८ इंचांवर ठरली. एकोणिसाव्या शतकात वेताचा वेगळा दांडा पात्यात इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची पाचर मारून बसवण्याची पद्धत रूढ झाली. वेत लवचिक असल्यामुळे हाताला बसणारा झटका कमी झाला, हा तिचा उघड लाभ. तिचा दुसरा लाभ असा की पाते आणि दांडा हे दोन स्वतंत्र भाग झाल्यामुळे एक निकामी झाला तरी दुसरा वाचवता येऊ लागला. कुऱ्हाडीचा दांडा बदलला तरी पाते तेच राहते, हे ज्या सुताराला ठाऊक होते, त्याला ही रचना वेगळी समजावून द्यावी लागली नसती.

पात्याचे लाकूड मात्र परके होते. विलो हे नदीकाठी वाढणारे, हलके आणि मऊ तंतूंचे झाड असून बॅटसाठी त्याची इंग्लंडमधील एक विशिष्ट जात सर्वोत्तम मानली जाते; काश्मीरच्या खोऱ्यात वाढलेला विलो तिच्याहून काहीसा जड आणि कठीण असतो, आणि भारतातील बहुसंख्य खेळाडूंच्या हाती तोच येतो. हिंदुस्थानातील खेळसाहित्याचे मोठे केंद्र फाळणीपूर्वी सियालकोट होते. १९४७ नंतर तेथील अनेक कारागीर आणि व्यापारी जालंधर व मेरठ येथे येऊन स्थिरावले, तर काश्मीरमध्ये अनंतनाग–बिजबेहाडा परिसरातील महामार्गालगतची गावे बॅटच्या धंद्यावर उभी राहिली. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस दौंड, मनमाड करीत जालंधरवरून पुढे जाते, म्हणजे दौंड जंक्शनवरून उत्तरेकडील या लाकडाच्या मुलखाशी रुळांची सलग जोडणी आहे. तरीही आयात परवान्यांच्या दशकांत इंग्लिश विलोची बॅट ही खेड्यातील खेळाडूला स्वप्नवत वस्तू होती, आणि ती हाती आलीच तर बहुधा शहरातील कुणा क्लबच्या खेळाडूने वापरून बाजूला ठेवलेली असे.

अशी बॅट शिरूर-दौंडकडे आली की तिचा पहिला सामना येथील हवेशी होतो. हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतील, म्हणजे सह्याद्रीने पावसाचे ढग अडवल्यामुळे कोरडे राहिलेले. मार्गशीर्षापासून हवा सुकत जाते आणि चैत्र-वैशाखात ती लाकडातील ओलावा अक्षरशः शोषून घेते. विलोच्या पात्यात वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा ओलावा असावा लागतो, कारण त्या ओलाव्यामुळेच तंतू दबून पुन्हा उसळतात. तो घटला की पाते ठिसूळ होते, समोरच्या बाजूस केसासारख्या बारीक चिरा दिसू लागतात आणि कडेचे ढलपे उडतात. पावसाळ्यात याच्या उलट घडते: ओल्या जमिनीवर टेकवलेला बॅटचा तळ पाणी पितो, फुगतो आणि उभा चिरतो.

या दोन्ही दुखण्यांवर जो उपाय इंग्लंडमध्ये ठरला होता, तो योगायोगाने महाराष्ट्राच्या शेतात आणि स्वयंपाकघरात आधीपासून होता. बॅटला लावायचे तेल म्हणजे जवसाचे तेल. जवस हे रब्बीचे गळिताचे पीक असून त्याची चटणी भाकरीबरोबर आजही खाल्ली जाते, आणि त्याचे तेल घाण्यावर काढले जात असे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लाकडावर कायम ओलसर राहते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि लाकडाच्या पृष्ठभागावर एक पातळ, लवचिक पापुद्रा धरते, त्यामुळे आतला ओलावा बाहेर जात नाही आणि बाहेरचे पाणी आत शिरत नाही. रंगाऱ्यांनी आणि सुतारांनी हे तेल याच गुणासाठी वापरले. ज्या झाडाच्या बियांतून हे तेल निघते, त्याच झाडाच्या खोडातून लिनन नावाचा चिवट धागा निघतो, आणि बॅटच्या दांड्यावर गुंडाळण्यासाठी इंग्लंडमध्ये हाच मेण लावलेला धागा वापरला जाई. म्हणजे विलो आणि वेत सोडले तर जुन्या बॅटचे रक्षण करणारे दोन्ही पदार्थ एकट्या जवसाने पुरवले, ही गोष्ट बॅटच्या इतिहासात जितकी सांगितली जावी तितकी सांगितली गेलेली नाही.

तेल पाजण्याचेही नियम आहेत. प्रथम जुने स्टिकर आणि मळ काढून पाते काचकागदाने, म्हणजे पॉलिश पेपरने, तंतूंच्या दिशेने घासले जाते. आडवे घासल्यास तंतू तुटतात. मग फडक्यावर चमचाभर कच्चे तेल घेऊन ते पात्याच्या समोरच्या बाजूस, कडांना आणि तळाला पातळ लावून बॅट रात्रभर आडवी ठेवली जाते, कारण उभी ठेवल्यास तेल ओघळून एकाच टोकाला साचते. दांड्याच्या पाचरीवर तेल जाऊ दिले जात नाही, अन्यथा तेथील चिकटवण सैल होते; आणि बॅट तेलात भिजत ठेवणे हा तर नवख्यांचा हमखास होणारा घात, कारण अति तेलाने पाते जड आणि मेलेले होते, चेंडू त्यावरून उसळत नाही. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकल्यास ते आपोआप पेटू शकतात; ते पसरून वाळवण्याची खबरदारी उन्हाळ्यात विशेष महत्त्वाची असते.

चिरेची दुरुस्ती हे याहून नाजूक काम. पूर्वी त्यासाठी सरस वापरला जाई. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला डिंकासारखा पदार्थ, जो गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून पातळ करावा लागतो. त्याचा दोष असा की तो ओलाव्याने सुटतो. पण हाच त्याचा गुणही होता, कारण निकामी दांडा ऊन पाण्याची वाफ देऊन पात्याला इजा न करता काढता येई. १९५९ नंतर फेव्हिकॉलसारखे कृत्रिम गोंद आणि पुढे दोन नळ्यांतील द्रव्ये मिसळून घट्ट होणारे ॲराल्डाइट घरोघरी आले तेव्हा जोड अधिक पक्के झाले, परंतु ते उकलणे जवळजवळ अशक्य झाले. टिकाऊपणा मिळाला आणि पुन्हा दुरुस्त होण्याची सोय गेली, असा हा व्यवहार झाला.

चिरेत गोंद भरल्यावर ती मिटलेली राहावी म्हणून कारखान्यात शिकंजे लावतात. घरी त्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी ताणून आवळली जाते, आणि रबराचा दाब सर्व बाजूंनी सारखा पडत असल्यामुळे ही युक्ती शिकंज्याहून कमी ठरत नाही. वरून दोरा गुंडाळताना प्रत्येक वेढा मागच्याला खेटून बसवणे आणि शेवटचे टोक आधी सोडलेल्या फासातून ओढून आत दडवणे, ज्यामुळे गाठ हाताला लागत नाही, ही रीत दोर वळणाऱ्यांची आहे. बलुतेदारीत, म्हणजे पिकाच्या वाट्यावर चालणाऱ्या गावकारागिरीच्या व्यवस्थेत, अंबाडीचा आणि घायपाताचा वाख वळून नाडे, कासरे आणि सोल करण्याचे काम मातंग समाजाकडे होते, औते आणि गाडे सुताराकडे, आणि मोट, चाबूक, वहाणा चर्मकाराकडे. बॅटच्या एका डागडुजीत या तिन्ही हस्तव्यवसायांचे ज्ञान एकत्र येते. बाळूंच्या घराण्याचा वारसा येथे सहज आठवतो.

क्रिकेटच्या नियमांनीही दुरुस्तीला जागा ठेवली आहे. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत ॲल्युमिनियमची बॅट आणल्यावर १९८० च्या नियमावलीत पाते लाकडाचेच असावे असे स्पष्ट लिहिले गेले. मात्र पात्याच्या रक्षणासाठी किंवा दुरुस्तीसाठी वरून आवरण लावण्यास मुभा असून त्याची जाडी सध्याच्या नियमानुसार १ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. दोऱ्यावर दोरा आणि पट्टीवर पट्टी चढवणाऱ्या हौशी हातांनी ही मर्यादा गावच्या सामन्यात मोजली नाही, तरी अनुभवाने ती पाळली, कारण जाड आवरणावरून चेंडू वेडावाकडा जातो.

गेल्या काही दशकांत रांजणगाव, शिक्रापूर आणि सणसवाडी परिसरात कारखाने आले, रस्त्याकडेला हार्डवेअरची दुकाने लागली, आणि काचकागद, गोंद, फायबरची पट्टी या वस्तू हाकेच्या अंतरावर आल्या. त्याच सुमारास गावोगावचे क्रिकेट मुख्यतः टेनिस चेंडूवर स्थिरावले. टेनिस चेंडूची बॅट पाठीमागून कोरून हलकी केलेली असते, तिला चामडी चेंडूचा मार सोसावा लागत नाही, म्हणून तिच्यात चिरांपेक्षा दांडा सैल होण्याचे आणि ग्रिप फाटण्याचे दुखणे अधिक. चामडी चेंडूच्या बॅटला मात्र तेल वाळल्यावर ठोकून पिकवावे लागते: मोज्यात घातलेला जुना चेंडू किंवा लाकडी हातोडा घेऊन पात्यावर आधी हलके आणि मग जोराने असे तासन्‌तास ठोके द्यावे लागतात, म्हणजे वरचे तंतू एकमेकांत दबून घट्ट होतात. काचकागदाने जुना दबलेला थर निघाला असेल तर हे काम नव्या बॅटइतकेच मन लावून करावे लागते.

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरातील हत्यारे आणि अवजारे धुऊन, तेलाचा हात फिरवून, हळद-कुंकू वाहून पूजली जातात. विळा, खुरपे, पाना, पकड यांच्या ओळीत अनेक घरी बॅटही मांडलेली असते. जिचा तळ फुगून चिरला आहे आणि गोंद धरत नाही, तिचा खालचा दोन-तीन इंचांचा भाग करवतीने कापून, नव्या कडा कानशीने गोल करून, उघड्या पडलेल्या तंतूंच्या टोकांना तेल आणि गोंद पाजून ती आखूड बॅट घरातील धाकट्याच्या मापाची केली जाते. दांड्यावरचे जुने दोऱ्याचे वेढे मात्र तसेच ठेवतात, कारण हाताला बसलेली मूठ सोडवण्याचे कारण नसते.