हैदराबादला गेलेले : राहिले की परतले?



मागच्या मेळाव्यात जेवणाच्या पंगतीत आपल्या इतिहासाच्या सरांनी मला विचारलं, "मग, आता तू तिकडचाच झालास का?" मी हसून वेळ मारून नेली. पण परतीच्या गाडीत तोच प्रश्न डोक्यात राहिला. हैदराबादेत राहून मला तीस वर्षांच्या वर झाली. तरी "राहिलो" असं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा वाटलं, ज्या सरांनी इतिहास शिकवला त्यांना उत्तरही इतिहासातूनच द्यावं.

सुरुवात नकाशापासून करतो. आपलं इस्लापूर नांदेड जिल्ह्यातलं, हे आपण लहानपणापासून पाठ केलं. पण आपल्या आजोबांच्या काळात तसं नव्हतं. १९५६ पर्यंत इस्लापूर हे हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बोथ तालुक्यातलं एक सर्कल होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात मुंबई राज्याला जोडायच्या भागांची यादी आहे. तिच्यात आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल, असा आपल्या गावाचा नावानिशी उल्लेख आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण हैदराबादपासून वेगळे झालो. त्याच यादीनुसार नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर ही सर्कलं मात्र पलीकडे राहिली. गावं जागच्या जागी होती, फक्त त्यांची राजधानी बदलली.

म्हणून आधीच्या पिढीनं हैदराबादला जाणं आणि आपण जाणं यांत फरक आहे. त्यांच्यासाठी ते परगाव नव्हतं, राजधानी होती. हायकोर्ट तिथं, उस्मानिया विद्यापीठ तिथं, मोठ्या नोकऱ्या तिथं. परभणीकडच्या पुरजळ गावचे केशवराव कोरटकर वकिलीसाठी हैदराबादला गेले, हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि तिथलेच होऊन राहिले. १९०७ साली निघालेल्या विवेक वर्धिनी शाळेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. मराठी लेकरांनी राजधानीत राहून मराठीत शिकावं, एवढी मराठी वस्ती तेव्हाच तिथं झाली होती. सुलतान बाजार, काचीगुडा, इसामिया बाजार या भागांत आजही जुन्या मराठी घरांच्या खुणा सापडतात.

आमच्या घरातून तिकडे पहिले गेले ते आजोबांचे थोरले भाऊ. घरात सगळे त्यांना थोरले बापू म्हणत. त्यांचं उर्दू चांगलं होतं. पोलीस ॲक्शनच्या आधी ते एका वकिलाकडे मोहरीर म्हणून लागले. आपल्या भागातले लोक जमिनीचे, भाऊबंदकीचे दावे घेऊन हैदराबादला जात, त्यांचे कागद बापू लिहून देत. रझाकारांच्या धामधुमीत गावातली काही माणसं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. बापू हैदराबादेतच अडकले. सप्टेंबर १९४८ नंतर ते गावी आले, महिनाभर राहिले आणि परत गेले. पुढे दर पोळ्याला यायचे.

१९५६ नंतर त्यांचं येणं कमी झालं. आमचे वडील याचं कारण साधं सांगायचे. पूर्वी इथलेच पक्षकार त्यांच्याकडे जात, त्यामुळे इथं येणं हा त्यांच्या कामाचाही भाग होता. सरहद्द पडली आणि आपले दावे नांदेडकडे वळले. बापूंचं काम तिथं होतं, पक्षकार इथं. मुलगा तिथल्या शाळेत चौथीत होता. पुढच्या वर्षी येऊ, असं ते दरवर्षी म्हणत राहिले.

असे प्रश्न त्या वेळी मोठमोठ्या माणसांपुढंही होते. सेतुमाधवराव पगडी मूळचे निलंग्याचे, हैदराबाद संस्थानच्या सेवेतले अधिकारी. आदिलाबादच्या जंगलात काम करताना त्यांनी गोंडी शिकून घेतली, तिचं व्याकरण लिहिलं. राज्य पुनर्रचनेनंतर ते मुंबईला गेले. नांदापूरचे डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानियात मराठीचे प्राध्यापक होते. त्यांचे भाचे नरहर कुरुंदकर शिक्षणासाठी मामांकडे हैदराबादला राहिले आणि मग नांदेडला परतले. पुढे ते पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. मामा-भाचे एकाच घरात राहिलेले, एकाच विषयात रमलेले, पण एकाचं काम हैदराबादेत झालं आणि दुसऱ्याचं नांदेडात. यात कोणाचं शहरावर जास्त प्रेम होतं, हा प्रश्नच नाही. ज्याचं काम जिथं उभं राहिलं, तिथं तो राहिला.

पुढच्या काळात आपल्या भागाला हैदराबादची गरज हळूहळू कमी झाली. १९५० साली नांदेडात पीपल्स कॉलेज निघालं होतंच. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं. १९८० च्या दशकात हायकोर्टाचं खंडपीठ औरंगाबादला आलं आणि १९९४ साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं. शिकायला जाणारे नांदेड, औरंगाबाद, पुण्याकडे वळले. हैदराबादला जायचे ते हाताला काम शोधणारे.

मी त्यांतलाच. १९८६ साली मुदखेडला गाडी बदलून रात्रीच्या गाडीनं काचीगुड्याला उतरलो. बालानगरच्या एका छोट्या कारखान्यात लेथवर लागलो. आपल्या तुकडीतले आम्ही सात जण त्या चार-पाच वर्षांत तिकडे गेलो. आता इकडचे लोक विचारतात, "तिथलं ऊन कसं सोसता रे?" खरं सांगू? उन्हानं आमच्यातला एकही परत आला नाही. नांदेड-किनवटच्या मे महिन्यात ज्यानं वावरात नांगर धरला, त्याला हैदराबादच्या उन्हाचं काय? उलट ते शहर उंचावर आहे, रात्री थोडा वारा सुटतो. परतले ते दुसऱ्याच कारणांनी. एकाचे वडील गेले आणि वावर बघायला कुणी उरलं नाही. एकाला इकडे शिक्षकाची ऑर्डर आली. एकाच्या बायकोला भाषेवाचून दिवसभर खोलीत बसवेना. आणि राहिलेलेही शहर आवडलं म्हणून राहिले नाहीत. माझंच बघा. मुलीला शाळेत घालताना मी इंग्रजी माध्यम घेतलं, दुसरी भाषा तेलुगू. त्या दिवशी शाळेचा फॉर्म भरताना मी फक्त फी बघत होतो. परतीचा रस्ता आपण त्याच फॉर्मवर बंद करतोय, हे मला तिच्या सातवीत कळलं. तेव्हा गावी बदली घ्यायची संधी होती, पण तिला मराठी नीट लिहिता येत नव्हतं.

त्याच काळात शहर झपाट्यानं वाढलं. १९९८ साली सायबर टॉवर्स झाला आणि जिथं नुसते खडक होते तिथं इमारती उठल्या. १९५१ साली दहा लाखांच्या थोडं वर असलेली वस्ती २०११ च्या जनगणनेत सदुसष्ट लाखांच्या पुढे गेली. आपल्या भागातले मजूर त्या इमारतींवर कामाला येऊ लागले. २०२० च्या टाळेबंदीत त्यांतले बरेच जण मिळेल त्या वाटेनं गावाकडे निघाले. आमच्या गल्लीतलं एक कुटुंब बारा वर्षं राहिलेलं होतं, रेशनकार्ड तिथलं होतं. आम्ही त्यांना पक्के हैदराबादी समजत होतो. ते आठ दिवसांत गेले आणि परत आले नाहीत. आणि मी, दर दिवाळीला "पुढच्या वर्षी" म्हणणारा, बंद दाराआड तिथंच बसून होतो.

मागच्या वर्षी धाकट्या भावाला विहिरीसाठी कर्ज काढायचं होतं, म्हणून वावराचे कागद एक करायचे ठरले. वडिलांच्या पेटीत १९५४-५५ च्या खासरा पाहणीची नक्कल निघाली. ती उर्दूत. ती मीच हैदराबादला नेली आणि एका म्हाताऱ्या मुन्शींकडून वाचून घेतली. बोथ तालुका, जिल्हा आदिलाबाद, आणि खाली दोन नावं : आजोबांचं आणि थोरल्या बापूंचं. बापूंना जाऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. तरी गावानं त्यांना गेलेलं धरलं नव्हतं.

सहीसाठी मी बापूंच्या नातवाकडे गेलो. तो माझ्याशी दखनीत बोलला. मराठी कळते, बोलता येत नाही. त्यानं इस्लापूर पाहिलेलं नाही. पण सही करताना विचारलं, "वो सहस्रकुंड में पानी अब भी वैसाच गिरता क्या?" आजीनं सांगितलेलं तेवढं त्याच्याकडे उरलं होतं.

वावराचं हक्कसोडपत्र मीही भावाला करून दिलं. राबतो तो, वावर त्याचंच. घराच्या दोन खोल्यांवरचं नाव मात्र काढलं नाही. भाऊ म्हणाला, "दादा, ठेवून काय करणार?" मला उत्तर देता आलं नाही. पत्रे बदलून घेतले, एवढंच केलं. याला परतणं म्हणत नाहीत, हे मलाही कळतं.

तेव्हा सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : राहिलो. पण राहायचं म्हणून कधी ठरवलं नव्हतं.

मित्रमैत्रिणींनो, एक विनंती. तुम्ही कुठं गेलात, कोणत्या साली गेलात, आणि राहिलात किंवा परतलात तर कशामुळे, हे चार ओळींत मंडळाकडे लिहून पाठवा. राजे आणि तहनामे पुस्तकात सापडतात. आपल्या गावातून कोण गेलं आणि कोण का परतलं, हे आपण लिहिलं नाही तर कुठंच सापडणार नाही.