लोणारचे पक्षी आणि औषधांस न जुमानणारे जंतु

इसवी सन १८२३ मध्यें अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या विवराकडे पाश्चात्त्यांचें लक्ष वेधलें. हिंवाळी पाहुण्या पक्ष्यांस तें त्यापूर्वींच ठाऊक असावें. आज या पक्ष्यांचा विचार आम्ही करतों तो निराळ्याच कारणानें. पेनिसिलिन अपुऱ्या प्रमाणांत घेतल्यास जंतु त्यास सरावतील, असें फ्लेमिंगनें १९४५ सालीं नोबेल व्याख्यानांत बजावलें होतें. २००८ सालीं उत्तर ध्रुवाकडील पक्ष्यांच्या आंतड्यांत अनेक औषधांस न जुमानणारे ई. कोलाय जंतु सांपडल्याचें प्रसिद्ध झालें. तेथें औषधांचीं दुकानें तर राहोत, मनुष्यवस्तीही विरळ! पक्षी कांहीं वैद्याकडे जात नाहीं; आमच्या सांडपाण्यांतून व उकिरड्यांतून हे जंतु त्याच्या पोटांत जातात.

लोणार गांवाचें सांडपाणी विवरांत उतरतें, ही तक्रार उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेली. सरोवराचें खारें पाणी सामान्य जंतूंस मानवत नाहीं खरें. जून २०२० मध्यें तें गुलाबी झालें, तेंही क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळें, असा निर्वाळा पुण्याच्या आघारकर संस्थेनें दिला. परंतु कांठीं गोड्या पाण्याचे झरेही आहेत, आणि धारेचें पाणी तर यात्रेकरूंस पवित्र. नोव्हेंबर २०२० मध्यें सरोवर रामसर यादींत आलें. तेथें पक्षी मोजतांना त्यांची विष्ठाही तपासली जावी, असें आम्हांस वाटतें.