मोटारसायकलच्या क्लच प्लेटची तपासणी व बदल

मोटारसायकलच्या क्लचमधील घर्षण प्लेट ठरावीक मर्यादेपलीकडे झिजल्यास इंजिनाची शक्ती मागील चाकापर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही. अशा प्लेट मोजून तपासणे आणि आवश्यक असल्यास बदलणे हे जुन्या मोटारसायकलच्या देखभालीतील महत्त्वाचे काम आहे. क्लच घसरण्याचे कारण प्रत्येक वेळी झिजलेली प्लेट हेच नसते. त्यामुळे लिव्हरचा प्ले व तेल तपासल्यानंतरच इंजिनाचे झाकण उघडणे योग्य ठरते.

रचना व कार्य

बहुतेक मोटारसायकलींत तेलात बुडून चालणारा बहुप्लेट क्लच असतो. त्याच्या बास्केटमध्ये घर्षण प्लेट व पोलादी प्लेट एकाआड एक रचलेल्या असतात. घर्षण प्लेट बास्केटबरोबर, तर पोलादी प्लेट मधल्या हबबरोबर फिरतात. स्प्रिंगांच्या दाबाने प्रेशर प्लेट हा संच आवळून धरते व शक्ती गिअरबॉक्सकडे जाते. लिव्हर दाबल्यावर हा दाब सुटतो. प्लेटची संख्या वाढली की घर्षणाचे पृष्ठभाग वाढतात, म्हणून लहान व्यासाचा क्लचही पुरेशी शक्ती वाहून नेतो.

प्लेट झिजल्या की संचाची एकूण जाडी कमी होते, स्प्रिंग किंचित सैल होतात व दाब घटतो. त्याच वेळी प्रेशर प्लेटची जागा सरकल्यामुळे लिव्हरचा प्लेही कमी होतो. प्ले उरलाच नाही, तर लिव्हर सोडलेला असतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि झीज अधिक वेगाने होते.

जुन्या मोटारसायकलींतील फरक

हीरो होंडा सीडी १०० (१९८५) सारख्या चार स्ट्रोक गाड्यांत क्लच इंजिनाच्या उजव्या बाजूस असतो आणि इंजिनाच्याच तेलात चालतो. बजाज ऑटोच्या कावासाकी बजाज केबी १०० (१९८६) सारख्या दोन स्ट्रोक गाड्यांत क्लचला गिअरबॉक्सचे तेल मिळते. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या येझदी गाड्यांत क्लच डाव्या बाजूस असतो. तेथे किक व गिअर यांचा लिव्हर एकच असल्यामुळे झाकण काढण्याची पद्धत वेगळी आहे. जुन्या एनफिल्ड बुलेटमध्येही क्लच डाव्या बाजूच्या प्रायमरी चेनकेसमध्ये असून त्याचे तेल इंजिनाच्या तेलापासून वेगळे असते.

झिजेची कारणे

क्लच अर्धवट दाबून, म्हणजे ‘हाफ क्लच’वर, दीर्घकाळ गाडी चालवणे हे झिजेचे प्रमुख कारण आहे. नाशिक परिसरात याला भूरचनेचीही जोड मिळते. मुंबई-आग्रा मार्गावरील कसारा घाटात कसारा ते इगतपुरी सुमारे ३०० मीटरची चढण आहे. नांदुरीहून सप्तशृंगी गडाकडे जाणारा रस्ताही घाटाचाच आहे. दोन माणसे किंवा जड ओझे घेऊन अशा चढणीवर वरच्या गिअरमध्ये हाफ क्लचने गाडी ओढली, की प्लेट तापून जळतात. अशा वेळी वेळेवर खालचा गिअर टाकणे हाच उपाय आहे. चढणीवर क्लच पूर्ण घसरल्यास इंजिन फिरत असूनही गाडी थांबते, आणि मागून अवजड वाहने येत असताना हे धोकादायक ठरते.

चुकीचे तेल हे दुसरे कारण होय. घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले मोटारकारचे तेल चार स्ट्रोक मोटारसायकलमध्ये वापरल्यास चांगल्या प्लेटही घसरू शकतात. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचे, सामान्यतः जासो एमए मानकाचे, तेल वापरतात.

लक्षणे

वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही, हे क्लच घसरण्याचे मुख्य लक्षण आहे. जळका वास येणे आणि काढलेल्या तेलात काळे कण दिसणे हीदेखील त्याची लक्षणे आहेत. ज्या इंजिनांत किकची शक्ती क्लचमधून जाते, तेथे किकही घसरते.

याउलट लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकत असेल किंवा न्यूट्रल सापडत नसेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. प्लेची जादा मोकळीक, वाकलेली पोलादी प्लेट किंवा बास्केटच्या खाचांतील खळगे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. केवळ नव्या घर्षण प्लेट टाकून हा दोष जात नाही.

तपासणी

प्रथम लिव्हरच्या टोकाशी प्ले मोजतात. अनेक गाड्यांत तो १० ते २० मिमी असतो. प्ले जुळवून व क्लच वायर मोकळी चालते याची खात्री करूनही घसरणे थांबले नाही, तर क्लच उघडतात.

घर्षण प्लेटची जाडी व्हर्नियर कॅलिपरने तीन-चार ठिकाणी मोजतात. सुमारे ३ मिमी जाडीच्या नव्या प्लेटची मर्यादा काही मॉडेलांत २.६ मिमी असते; निर्णयासाठी त्या मॉडेलच्या सेवा पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानतात. पोलादी प्लेट सपाट काचेवर ठेवून फीलर गेजने तिचा वाक तपासतात. निळे पडलेले डाग अतितापाची खूण असतात. स्प्रिंगांची मोकळी लांबीही मोजतात.

बदलण्याची पद्धत

इंजिन थंड झाल्यावर तेल काढून किक, फूटरेस्ट इत्यादी अडथळे व नंतर झाकण काढतात. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोर, थोडेथोडे सैल करतात. एकच बोल्ट आधी काढल्यास प्रेशर प्लेट तिरकी होते. काही मॉडेलांत मधला नट काढून संपूर्ण क्लच बाहेर घ्यावा लागतो. प्लेटचा क्रम काढतानाच नोंदवतात. नव्या घर्षण प्लेट बसवण्यापूर्वी योग्य तेलात भिजवून ठेवतात. बोल्ट पुन्हा आळीपाळीने आवळून, नवे पॅकिंग लावून झाकण बसवतात, तेल भरतात व प्ले पुन्हा जुळवतात.

आरोग्य व पर्यावरण

जुन्या काळातील काही घर्षण अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरले जाई. त्याचे तंतू श्वासावाटे शरीरात जाणे घातक असल्यामुळे सुकलेली धूळ हवेच्या दाबाने उडवू नये किंवा प्लेट पॉलिशपेपरने घासू नये. वापरलेले तेल धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांखाली येते. नाशिकमध्ये नाल्यांतील पाणी गोदावरीला मिळते, म्हणून असे तेल गटारात न टाकता अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणे आवश्यक आहे.