जीवशास्त्र-शिक्षकांचे प्रशिक्षण : प्रयोगमेजापासून पडद्यापर्यंत

जीवशास्त्राच्या शिक्षकाला प्रयोगशाळेचा अनुभव कसा द्यावयाचा, हा प्रश्न ऑनलाइन प्रशिक्षणाच्या संदर्भात नव्याने चर्चिला जातो. वस्तुतः तो दीडशे वर्षांचा जुना आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या विज्ञान व कला विभागाकडून शिक्षकांना मिळणारे मानधन विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील यशावर अवलंबून असे. साहजिकच पाठांतराला ऊत आला. या विभागाचे परीक्षक थॉमस हेन्री हक्सले यांना उत्तरपत्रिकांतील हे पुस्तकी ज्ञान खटकत होते. १८७१ च्या उन्हाळ्यात त्यांनी लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे शिक्षकांचा वर्ग घेतला. मायकेल फॉस्टर, रदरफोर्ड व रे लँकेस्टर हे त्यांचे सहायक होते. व्याख्यान संपताच शिक्षकांनी स्वतः सूक्ष्मदर्शक हाताळावा, विच्छेदन करावे, असा क्रम होता. संपूर्ण सजीवसृष्टी शिकविण्याचा हव्यास न धरता निवडक प्रतिनिधी घ्यावेत, हे त्यामागील सूत्र. यीस्ट, अमीबा, बेडूक ही मालिका १८७५ मध्ये हक्सले व मार्टिन यांच्या प्रात्यक्षिक-पुस्तकातून सर्वत्र पोहोचली. भारतीय महाविद्यालयांतील बेडकाचे विच्छेदन याच परंपरेतले.

मात्र त्यासाठी शिक्षकाने नोकरीचे गाव सोडून लंडन गाठणे भाग होते. ही अडचण बरोबर शंभर वर्षांनी ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने हाताळली. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे अध्यापन १९७१ मध्ये सुरू झाले. आरंभीच्या विद्यार्थ्यांत शाळाशिक्षकांचा वर्ग सर्वांत मोठा होता. पाठ टपालाने येत, बीबीसीवरून प्रक्षेपित होत; पण विज्ञानाच्या पायाभूत अभ्यासक्रमासोबत प्रयोगपेटीही घरपोच येई आणि तीत मॅकार्थर यांचा आटोपशीर सूक्ष्मदर्शक असे. शिवाय उन्हाळी शिबिरात प्रत्यक्ष प्रयोगशाळेत काम करावे लागे. खर्चिक असूनही हे अंग गाळले गेले नाही, ही गोष्ट महत्त्वाची.

भारतात २०२० मध्ये महासाथीमुळे ‘निष्ठा’ हे शिक्षक-प्रशिक्षण ऑनलाइन झाले. त्याचा आधार वाचनसाहित्य, चित्रफिती व चाचण्या हा होता. अमृता विश्व विद्यापीठम् व मुंबईचे सी-डॅक यांनी विकसित केलेल्या ‘ओलॅब्ज’मध्ये कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग पडद्यावर करता येतो. कृतीचा क्रम ध्यानात राहण्यास तो निश्चितच उपयुक्त आहे. परंतु वर्गात पापुद्रा जाड निघतो, सॅफ्रॅनिन अधिक होते, आच्छादन-काचेखाली हवेचे बुडबुडे अडकतात आणि विद्यार्थी त्या बुडबुड्यालाच पेशी समजून आकृती काढू लागतो. काच तिरपी धरून सावकाश कशी टेकवावी, हे त्याला दाखविणाऱ्या शिक्षकाने ती आधी स्वतःच्या हाताने टेकविलेली असावी लागते.