पडदे अनेक, घड्याळ एक : बहुपडदा मांडणशिल्पे आणि ऑपरेटिंग सिस्टीमची निवड

१/ भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यातले चिखला हे गाव मँगनीजच्या खाणीसाठी ओळखले जाते. मॉइल या सार्वजनिक कंपनीची ही भूमिगत खाण आहे. जगातील बहुतांश मँगनीज पोलादाच्या कामी येते. मात्र जस्ताच्या सिलिकेटमध्ये या धातूचा अल्प अंश मिसळला, तर इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने ते संयुग हिरवे उजळते. ऑसिलोस्कोप आणि रडार यांचे जुने हिरवे पडदे याच गुणावर चालत.

२/ पडदा कशाने उजळतो, याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले. अनेक पडदे एकाच क्षणी कसे हलवावेत, हा प्रश्न त्याहून चिवट निघाला. त्याची उत्तरे आधी यंत्रांत, मग तारांत आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टीममध्ये शोधली गेली. या शोधाचा बराच भाग मुंबईतील कलाकारांच्या कामातून वाचता येतो.

३/ १९२७ साली पॅरिसमध्ये आबेल गान्स यांच्या ‘नेपोलियन’ या मूकपटाचा शेवट शेजारी शेजारी लावलेल्या ३ पडद्यांवर दाखवला गेला. त्यासाठी ३ प्रक्षेपक एकाच गतीने फिरणे आवश्यक होते. एकाची फिल्म किंचित मागे पडली, तरी घोडदळाची रांग मधोमध तुटल्यासारखी दिसली असती. बहुपडदा कलेची मूळ अडचण तेव्हाच स्पष्ट झाली होती : प्रत्येक यंत्राला स्वतःची चाल असते.

४/ १९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांनी जवाहरलाल नेहरू फेलोशिपच्या आधारे मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभारले. चित्रकारांना कॅमेरा हाताळता यावा, हा त्यामागचा हेतू. सर ज. जी. कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मलानी यांनी तेथेच ‘ड्रीम हाउसेस’ हा लघुपट केला. पुढे १९७६ मध्ये दुसरा चित्रपट करून त्यांनी दोन्ही मिळून ‘युटोपिया’ ही दोन पडद्यांची कृती सिद्ध केली.

५/ १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर मलानी यांनी मंटोंच्या कथेचा आधार घेऊन ‘रिमेंबरिंग टोबा टेकसिंग’ हे व्हिडिओ मांडणशिल्प रचले. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात ते मांडले गेले. पत्र्याच्या ट्रंकांत ठेवलेले मॉनिटर आणि भिंतींवरील मोठी प्रक्षेपणे प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढत. २००५ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीतील त्यांच्या ‘मदर इंडिया’मध्ये ५ प्रक्षेपणे होती. पडदे वाढत गेले, तसा एकतालाचा प्रश्नही मोठा होत गेला.

६/ टेप किंवा डीव्हीडी वाजवणारी दोन यंत्रे एकाच वेळी सुरू केली, तरी ती एकत्र राहत नाहीत. प्रत्येकातील स्फटिकाचे घड्याळ किंचित वेगळे चालते. हा फरक १० लाखांत ५० भागांचा धरला, तर १० तासांच्या प्रदर्शनात दोन यंत्रांमध्ये १.८ सेकंदांचे अंतर पडते. सेकंदाला २५ चौकटी या हिशेबाने त्या ४५ चौकटी झाल्या. दूरचित्रवाणी केंद्रांनी यावर जेनलॉक हा उपाय योजला होता : सर्व यंत्रांना तारेने एकच ठोका पुरवायचा.

७/ संगणकांनी हाच उपाय उचलला. १९९२ मध्ये शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात कॅरोलिना क्रूझ-नीरा, डॅनियल सँडिन आणि थॉमस डीफँटी यांनी ‘केव्ह’ उभारली. भिंतींवरच चित्रे उमटणारी ती खोली सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवर, आयरिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चाले. चित्र सुरेख दिसे. पण ती यंत्रे सामान्य कलाकाराच्या आवाक्यापलीकडची होती. २००६ मध्ये कंपनीने त्या यंत्रांचे आणि आयरिक्सचे उत्पादनच थांबवले. केवळ त्यांच्यासाठी लिहिलेली कामे निराधार झाली.

८/ त्यानंतर घरगुती संगणक पुढे आला. ६० हर्ट्झच्या पडद्यासाठी प्रत्येक चौकट सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टीम मात्र एकाच कामाला वाहिलेली नसते. फाइलींची अनुक्रमणी, विषाणूतपासणी, अद्यतने असे अनेक दावेदार प्रोसेसरपुढे रांगेत असतात. त्यांपैकी एकाने वेळ खाल्ला की चौकट चुकते आणि पडद्यावरची सरळ हालचाल अडखळते.

९/ विंडोजच्या बाजूने मोठा मुद्दा होता तो ग्राफिक्स कार्डांचा. २००९ मध्ये एएमडीच्या आयफिनिटीने एका कार्डावर ६ पर्यंत पडदे जोडण्याची सोय दिली. पडदे एकाच कार्डावर असले, की घड्याळांची भांडणे बरीच मिटतात. परंतु विंडोज ८ पासून डेस्कटॉपवरील सर्व खिडक्या एकत्र जुळवणारा थर बंद करण्याची सोय राहिली नाही. विंडोज १० ची आपोआप येणारी अद्यतने तर प्रदर्शनाच्या ऐन वेळी यंत्र पुन्हा सुरू करू शकत.

१०/ मॅक हा रंगभूमी आणि व्हिडिओ कलाकारांचा आवडता पर्याय ठरला. क्यूलॅबसारखी साधने तेथेच वाढली. २०१० मध्ये आलेल्या सायफनमुळे एका प्रोग्राममधील चित्र दुसऱ्यात विनाविलंब नेता येऊ लागले. पण २०१८ मध्ये ॲपलने ओपनजीएल कालबाह्य ठरवले आणि २०१९ मध्ये ३२ बिटचे प्रोग्राम चालवणे थांबवले. चालते मांडणशिल्प नव्या आवृत्तीवर नेताच बंद पडावे, अशी परिस्थिती निर्माण झाली.

११/ लिनक्सचा मार्ग निराळा होता. अनावश्यक सेवा, सूचना, इतकेच नव्हे तर डेस्कटॉपही काढून टाकता येतो. उरतो फक्त पडद्यावर चित्र पाठवणारा प्रोग्राम. २०१२ मध्ये आलेल्या स्वस्त रास्पबेरी पायमुळे प्रत्येक पडद्यामागे एक छोटा संगणक ठेवणे परवडू लागले. जाळ्यावरून त्यांची घड्याळे जुळवता येतात. तातडीच्या कामांना ठरावीक वेळेत प्रोसेसर मिळवून देणारा ‘प्रीएम्प्ट आरटी’ हा बदल अनेक वर्षांच्या कामानंतर २०२४ मध्ये मूळ लिनक्समध्ये सामावला गेला. अर्थात ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर आणि तयार साधनांची वानवा यांची किंमत या मार्गावर मोजावी लागली.

१२/ २०२२ मधील ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ ही मुंबईच्या कॅम्प या कलासमूहाची कृती. ३५ मजली इमारतीवरील सीसीटीव्ही कॅमेऱ्याने टिपलेले शहर ७ पडद्यांवर आकाशाकडून रस्त्याकडे उतरत जाते. अशा रचनेत एखादा पडदा क्षणभर मागे राहिला, तर उतरणारे शहरच दुभंगल्यासारखे वाटेल. याच समूहाचा सहभाग असलेला ‘पॅड डॉट मा’ हा व्हिडिओ संग्रह २००८ पासून उभा आहे. तो ‘पँडोरा’ या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो. म्हणजे ज्या साधनावर स्मृती विसंबून आहे, ते उघडून दुरुस्त करता येते.

१३/ मात्र काही दोष कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमच्या माथी मारता येत नाहीत. भारतात दूरचित्रवाणीच्या परंपरेने सेकंदाला २५ चौकटींचे चित्रण रूढ झाले. ते ६० हर्ट्झच्या पडद्यावर लावले, तर एका चौकटीच्या वाट्याला २.४ आवर्तने येतात. अपूर्णांक दाखवणे शक्य नसल्याने काही चौकटी २, तर काही ३ आवर्तने टिकतात आणि चाल लंगडते. पडदा ५० हर्ट्झवर आणला की हा दोष विनाखर्च नाहीसा होतो. म्हणून जाणकार आधी चित्रण व पडदा यांचा मेळ पाहतात आणि ऑपरेटिंग सिस्टीम नंतर निवडतात.

१४/ निवडीच्या कसोट्या त्यातूनच ठरत गेल्या. पडदे एका कार्डावर मावत असतील आणि हवे ते साधन विंडोज किंवा मॅकवरच असेल, तर अद्यतने रोखून तीच प्रणाली घ्यावी. पडदे दूरदूर असतील, प्रदर्शन महिनोन्‌महिने चालणार असेल, वीज गेल्यावर यंत्राने कुणाच्या मदतीवाचून पुन्हा उभे राहायचे असेल, तर लिनक्स अधिक विश्वासू ठरते. विजेचा लपंडाव सोसणाऱ्या गावातील सभागृहात ही शेवटची कसोटी पहिली होते.

१५/ पदमसींच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या लघुपटाची एकमेव प्रत पुढे गहाळ झाली. २०१६ मध्ये आशिम अहलुवालिया यांना त्याच्या आठवणीवरच नवा चित्रपट करावा लागला. फिल्म हरवली, तर निदान काय हरवले ते कळते. संगणकीय मांडणशिल्पाच्या फाइली मात्र जपलेल्या असूनही ते चालवणारी प्रणाली नाहीशी होऊ शकते. म्हणूनच आज कलाकृतीसोबत तिची ऑपरेटिंग सिस्टीम, आवृत्ती, कार्ड आणि पडद्यांचा वेग यांची नोंद ठेवणे हा जतनाचाच भाग मानला जातो.

(१५/१५)