बग सापडला, पण गुन्हा कोणता?

आपल्या धंद्यात बग शोधून काढला की शाबासकी मिळते. लास वेगासमध्ये एकाला त्याबद्दल बेड्या पडल्या. तर गोष्ट अशी.

२००९ साली जॉन केन या जुगाऱ्याला 'गेम किंग' नावाच्या व्हिडिओ पोकर मशीनमध्ये एक गंमत सापडली. आधी कमी रकमेवर खेळायचं. मोठा डाव लागला की ठरावीक क्रमाने बटणं दाबत दुसऱ्या खेळात जायचं, रक्कम वाढवायची आणि परत यायचं. मशीन तोच जुना डाव नव्या रकमेने मोजून पुन्हा पैसे द्यायचं! यासाठी 'डबल अप' ही सोय चालू लागायची. केन आणि त्याचा मित्र आंद्रे नेस्टर ती कसिनोवाल्यांनाच चालू करायला सांगत, आणि ते बिचारे करूनही देत.

दोघे पकडले गेले. सरकारने चक्क हॅकर लोकांसाठी केलेला १९८६चा कायदा लावला. बचाव सरळ होता: मशीन उघडलं नाही, पासवर्ड चोरला नाही, मशीनवर होती तीच बटणं दाबली. २०१३ साली सरकारी वकिलांनी आधी हॅकिंगचा आणि मग फसवणुकीचाही आरोप मागे घेतला. म्हणजे निकाल लागलाच नाही.

याच्याशेजारी रॉन हॅरिसला ठेवून बघा. हा नेवाडाच्या जुगार नियंत्रण मंडळाचाच इंजिनिअर. मशीन तपासायचं काम त्याचं, आणि तपासता तपासता पठ्ठ्याने स्लॉट मशीनमध्ये स्वतःचा चोरकोड घुसवला. १९९५ला पकडला गेला, तुरुंगात गेला. तिथे कुणालाच शंका नव्हती.

केनचं तसं नाही. एटीएमने शंभराऐवजी पाचशेची नोट दिली तर ती चूक आहे हे शेंबडं पोरही सांगेल. पण जुगारात किती द्यायचे हे मशीनच ठरवतं, आणि तो नियम लिहिणारे आपल्यासारखेच कुणीतरी. अर्थात 'मशीन बिघडल्यास बक्षीस रद्द' अशी पाटी बहुतेक कसिनोंत असतेच. त्या जोरावर पैसे परत मागा की! पण आपल्या कोडमधल्या चुकीसाठी दुसऱ्याला हॅकर ठरवून तुरुंगात घालायचं, हे मला काही पटत नाही.

केन साळसूद होता असं मात्र मी म्हणणार नाही. आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तुम्ही त्या खुर्चीत असता तर पुढचं बटण दाबलं असतं?